दोन वीत उभं, दीड वीत आडवं

राधाकिशन तात्यांना इटलीत पोलिसांनी धरलं, ही बातमी तात्या परत यायच्या आधी गावात येऊन बसली होती. सकाळी बजरंगच्या हॉटेलात ती अगदीच किरकोळ होती. तात्यांनी म्युझियममध्ये एका काचेला हात लावला आणि तिथल्या बाईनं हटकलं, एवढंच. अकरा वाजता ती गिरणीत पोचली. काचेच्या मागं राणीचं चित्र होतं हे कळल्यावर वनमालाकाकूंनी काच काढून टाकली. "मी सांगितलं म्हणू नका, पण म्हाताऱ्यानं राणीच्या गालावरनं हात फिरीवला म्हणं." काकू 'मी सांगितलं म्हणू नका' हे नेहमी आधी म्हणून ठेवतात, म्हणजे पुढचं सगळं त्यांचंच आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. दुपारच्या एसटीनं बातमी लिंबागणेशला गेली आणि संध्याकाळी परत आली तेव्हा तात्या तुरुंगात होते आणि त्यांच्या लेकीची, रोहिणीची, नोकरी सुटली होती.

यातलं खरं एवढंच, की हात लावला होता. गालाला नाही, काचेला. आणि फिरवला नव्हता, पसरला होता, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. तात्या माप घेत होते. दोन वीत उभं, दीड वीत आडवं.

माप कशाचं, ते सांगायचं तर तात्यांच्या घरातल्या एका खिळ्यापासून सुरुवात करावी लागते.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम टोळी मोजतो ती माणसांवर नाही, कोयत्यांवर. राधाकिशन आणि छबुबाई हा एक कोयता बावीस हंगाम चालला. दिवाळी झाली की चूल, पीठ आणि अंथरूण गाडीत घालून निघायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. सहा वर्षांपूर्वी छबुकाकू फडावरच तापानं गेल्या. तात्या एकटे परत आले आणि पुन्हा कधी तोडीला गेले नाहीत.

चौदाव्या दिवशी तात्यांनी समोरच्या भिंतीत खिळा ठोकला. आमच्याकडं अशा खिळ्यावर महिन्याच्या आत फोटो चढतो, फोटोवर हार चढतो आणि हारावर धूळ. तात्यांचा खिळा सहा वर्षं मोकळा राहिला. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आता कसं हाय, खिळा हालतोय." आलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांनी तो हलवून बघितला होता. त्याला बैल बांधला असता तरी तो हलला नसता.

'आता कसं हाय' हे तात्यांच्या प्रत्येक वाक्याचं दार आहे. ते उघडतात, मग एक थांबा घेतात, हातात नसलेली विडी बोटानं झटकतात आणि मग मुद्दा. गावातल्या सगळ्या पोरांना ही नक्कल येते. एकीला जरा जास्तच येते.

छबुकाकूंचा फोटो नव्हता असंही नाही. एक होता, आधार कार्डावरचा. बीडच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून मागं निळं आकाश लावून दिलं होतं. तात्यांनी तो टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवला. दोघांचा मिळून फोटो नारायणगडच्या जत्रेत काढायचा दरवर्षी ठरायचा, आणि दरवर्षी पुढच्या वर्षी ठरायचा.

रोहिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा ती संभाजीनगरला वसतिगृहावर राहून इंजिनिअरिंग शिकत होती. घरी आली की ती पाणी नंतर प्यायची, आधी खिळा बघायची. बोलायची काही नाही. मग तिला पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, कंपनीनं दोन वर्षांसाठी इटलीतल्या बोलोन्या शहरात पाठवलं, आणि गेल्या ऑक्टोबरात तिनं वडलांना पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतलं. फोनवर तिनं विचारलं, की सोबत काय आणताय? तात्या म्हणाले, ज्वारीचं पीठ. फोटोबद्दल तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या पंधरा दिवसांतल्या एका शनिवारी रोहिणी त्यांना फ्लॉरेन्स दाखवायला घेऊन गेली. तिच्या मोबाईलमध्ये दिवसाची यादी होती आणि प्रत्येक ठिकाणापुढं वेळ होती. ज्या गावाला आपलं काही काम नाही, अशा गावाला तात्या आयुष्यात पहिल्यांदा निघाले होते. पांढरी टोपी, स्वेटर, लेकीनं घेतलेले बूट, आणि पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आगगाडी चाळीस मिनिटांत पोचली, पण त्यातला बराचसा वेळ बोगद्यातच गेला. डोंगर दाखवायचा तर बाहेरून दाखवावा, असं तात्यांचं मत पडलं.

यादीत पहिलं मोठं चर्च होतं. पांढऱ्या, हिरव्या दगडाचं, आणि वर पालथ्या रांजणासारखा घुमट. हे बांधायला किती दिवस लागले, असं तात्यांनी विचारलं. पाया काढल्यापासून घुमट चढेपर्यंत एकशेचाळीस वर्षं, असं रोहिणीनं वाचून सांगितलं. तात्या बराच वेळ वर बघत राहिले. म्हणजे ज्यानं पाया काढला त्याला वर काय झालं ते माहीतच नाही, असं ते शेवटी म्हणाले. रोहिणीला पुढच्या ठिकाणची घाई होती, तरी ती तिथं दोन मिनिटं थांबली.

मग चौक. तिथं दगडाचे मोठमोठे पुरुष उभे होते आणि एकाच्याही अंगावर धड कपडा नव्हता. तात्या बुटाची नाडी बांधायला खाली बसले. न सुटलेली नाडी त्यांनी दोनदा बांधली आणि लेक पुढं गेल्यावरच उठले.

म्युझियममध्ये दालनामागून दालन आणि प्रत्येक दालनात आई आणि मांडीवर लेकरू. तात्यांनी नऊपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. रोहिणी प्रत्येक चित्राखालचं वाचून सांगत होती, कुठलं साल, कुठला रंग, कुणी काढून घेतलं. तात्या हुंकार देत होते, पण त्यांचं लक्ष चित्रांतल्या हातांवर होतं. एकीच्याही हाताला घट्टा नव्हता. कडेवरच्या लेकराचं वजन मनगटाला लागतं, तेही कुणाच्या मनगटात दिसत नव्हतं.

आणि मग एका दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत ते दोघं होते. नवरा आणि बायको, दोन वेगळ्या चौकटींत, एकमेकांकडं तोंड करून. त्याच्या डोक्यावर लाल टोपी, नाकाचं हाड मोडलेलं. ती फिकट, केस घट्ट बांधलेले. दोघंही फक्त एका बाजूनं काढलेले. मागं डोंगर, रान आणि पाणी, आणि तिच्या चौकटीतलं रान थेट त्याच्या चौकटीत चालत गेलेलं.

रोहिणी सांगू लागली. हा एका संस्थानचा मालक. त्याचा उजवा डोळा लढाईच्या खेळात गेला होता, म्हणून चित्रकारानं चांगली बाजूच दाखवली. आणि तिचं चित्र ती गेल्यावर काढलंय असं म्हणतात.

तात्यांचा हुंकार आला नाही. ते पेटीच्या मागं गेले. मागच्या बाजूलाही तेच दोघं, या वेळी दोन गाड्यांवर बसलेले, त्याच्या गाडीला पांढरी घोडी, तिच्या गाडीला एकशिंगी जनावरं, आणि गाड्या समोरासमोर येत होत्या. तात्या पुन्हा पुढं आले. तिची उजवी बाजू आणि त्याची डावी. त्यांनी मान हलवली, पाय जरा फाकवून उभे राहिले आणि काचेवर वीत ठेवली. एक. दुसरी ठेवली. दोन. आडवी ठेवून दीड म्हणतात न म्हणतात तोच निळ्या कोटातली राखणदार बाई 'सिन्योरे, सिन्योरे' करत धावत आली.

पोलीस म्हणतात ते एवढंच. बाईनं तात्यांचा हात बाजूला केला, खिशातून फडकं काढलं आणि काचेवरची पाच बोटं कडंकडंनं पुसून टाकली. रोहिणीनं कान लाल होईपर्यंत माफी मागितली आणि वडलांना ओढत कोपऱ्यातल्या बाकावर आणून बसवलं.

"कावून हात लावला, तात्या?"

"आता कसं हाय, माप घेत होतो."

मग सहा वर्षं तोंडात धरलेलं रोहिणीच्या तोंडून निघालं, तेही हळू आवाजात, कारण तिथं मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. "आईचा फोटो एकदाबी भिंतीला लावला न्हाई तुमी. घरी येते अन् मोकळा खिळा बघून जाते मी. अन् हितं कुणाच्या बायकोचं माप घेताय?"

तात्यांनी तोंड उघडलं. 'आता कसं' एवढंच आलं आणि पुढचं 'हाय' आलंच नाही. विडी झटकली गेली नाही.

"तो फोटू तुझ्या आईचा न्हाई, रोहिणी," ते म्हणाले. "त्या बाईला कॅमेऱ्यावाल्यानं हालू नको म्हणलंय, म्हणून ती भेलीय. तुझी आई भेलेली मी कवाच बघितली न्हाई." मग ते काचेच्या पेटीकडं वळून म्हणाले. "अन् समोरून तरी कवा बघितली? उसाची पात धरली की ती कायम माझ्या डाव्या अंगाला. सकाळपसून दिवस मावळस्तवर. मला ती ह्या एका बाजूनं पाठ होती. आता तीबी चाललीय. आठवायला बसलो की तो फोटू मधी येतो."

समोर एक शाळेची सहल दालनात आली, त्यांच्या बाईंनी बोट करून पोरांना काहीतरी सांगितलं, पोरं हसली आणि गेली. मग रोहिणीनं मोबाईल काढला, दिवसाची यादी बंद केली आणि कोरं पान उघडलं.

"सांगा मग. नाक कसं होतं?"

तात्यांनी पुष्कळ विचार केला. "नाकासारखं नाक."

"तात्या."

"हिच्यासारखं न्हाई," तात्या समोरच्या राणीकडं बघत म्हणाले.

"मग कुणासारखं?"

तात्या उठले. दिवसाची खरी सहल इथून पुढं सुरू झाली. ज्या दालनांतून ते हुंकार देत आले होते, त्याच दालनांतून आता बाजारात बैल बघतात तसे बघत निघाले. रोहिणीचं कामच यंत्रांचं. तिच्या कारखान्यात एखादा भाग मिळाला नाही की जवळच्या मापाचा घेतात आणि किती घासायचा ते शेजारी लिहून ठेवतात. तिनं तेच केलं, मोबाईलवर तुकड्यातुकड्यानं फोटो काढून. नाक मिळालं एका गुडघे टेकलेल्या देवदूताचं, शेजारी लिहिलं, 'टोकाला जरा बसकं'. हनुवटी मिळाली गर्दीच्या चित्रातल्या एका म्हाताऱ्या मोलकरणीची, 'वीस वर्षं कमी करणे'. एका चित्राच्या कडेला काही मेंढपाळ होते, राकट, भेगाळलेल्या हातांचे. त्यांच्यापुढं तात्या रेंगाळले. सकाळपासून पहिला कामाचा माणूस भेटला होता. त्यातल्या एकाच्या गालाचं हाड घेतलं.

शिंपल्यावर उभ्या असलेल्या बाईपुढं तर रीघ लागली होती. हे चित्र बघायला जग येतं, असं रोहिणीनं सांगितलं. येऊ दे, तात्या म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग भिंतीकडंच बघत म्हणाले, "केस घे. वाऱ्यावर उडालेले. बाकी नको." रोहिणीनं चित्र मोठं करून करून फक्त केस घेतले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

असे चौदा जणांचे चौदा तुकडे झाले. चित्रांत न सापडणाऱ्या गोष्टी तिनं तोंडी लिहून घेतल्या. कानाखाली उसाच्या पात्यानं कापल्याची रेघ. उजव्या कानातल्या फुलाची फिरकी सैल, म्हणून गोणीच्या दोऱ्यानं बांधलेली. डोळा मात्र मिळाला नाही. एवढ्या बायकांत एकीचा डोळा चालेना. कुणी वर बघतंय, कुणी लाजून खाली. छबुबाई कशी बघायची, तर पुढं किती राहिलंय तिकडं बघायची, एवढंच तात्यांना सांगता येई.

बाहेर आल्यावर यादीतलं उरलेलं शहर तसंच राहिलं. नदीच्या कठड्याजवळच्या बाकावर बसून दोघांनी दशम्या खाल्ल्या. रोहिणी तात्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. परतीच्या गाडीला किती वेळ आहे याचा हिशोब करत ती पलीकडच्या पुलाकडं बघत होती. तात्यांचा घास हातातच राहिला.

"हालू नको," ते म्हणाले. "तिकडंच बघ. ह्ये कुठं दाबायचं?"

तात्यांनी आयुष्यात काढलेला हा पहिला फोटो. नदी वाकडी आली आहे आणि खालच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे. पण पंधरावा तुकडा मिळाला.

बीडमधल्या बद्रीनाथ पेंटरनं सगळी हयात भिंतींवर निवडणुकीची चिन्हं रंगवली आणि फ्लेक्स आल्यापासून दहा वर्षं हातानं चेहरा काढला नव्हता. त्यांच्या मोबाईलवर पंधरा फोटो पोचले. त्यांनी ते दोनदा खालीवर केले आणि म्हणाले, "तात्या, हे माणूस न्हाई, हे स्पेअर पार्ट हायेत." तरी काम घेतलं. तीन आठवडे तात्या दिवसाआड एसटीनं जाऊन त्यांच्या दुकानात स्टुलावर बसायचे. नाक जरा थकलेलं पायजे, म्हणायचे. बद्रीनाथ नाक थकवायचे. मागं ऊस काढू का, असं पेंटरनं विचारलं. ऊस नको, तात्या म्हणाले. उसापल्याडचं कायच दिसत न्हाई, असं ती कायम म्हणायची. म्हणून मागं बालाघाटाचा डोंगर आणि कपिलधारचं पाणी आलं, आणि तिच्या चौकटीतलं पाणी शेजारी तात्यांच्या स्वतःच्या चित्राच्या चौकटीत वाहत गेलं.

मधल्या काळात गावात दोन बाजू पडल्या. चौदा परक्यांचे तुकडे जोडून छबुकाकू कशा होतील, गोधडी होईल, असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं मी होते. तात्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याच आवाजात, थांब्यासकट मी तसं म्हणून दाखवलं. तात्या रागावले नाहीत. ते म्हणाले, मग लाव पैज. आणि परीक्षा कोण घेणार ते त्यांनीच ठरवलं: मनकर्णाआजी, छबुकाकूंची आई. आजी ऐंशीच्या पुढच्या, नजर मंद, आणि स्वतःच्या नातजावयालाही नाव विचारणाऱ्या. त्यांना कुणी काही सांगायचं नाही. आजींनी ओळखलं नाही, तर तात्यांनी गिरणीत जाऊन राणीच्या गालाची गोष्ट वनमालाकाकूंसारखी सांगायची. ओळखलं, तर पाडव्यापर्यंत मी तात्यांची नक्कल करायची नाही. पैज अशी, की मला हरण्याची भीतीच वाटली नाही.

बद्रीनाथ पेंटर चित्रं घेऊन आले त्या दिवशी तात्यांनी जुन्या खिळ्याशेजारी दुसरा ठोकला. पेटीवर उभा केलेला मोबाईल, त्यात इटलीहून रोहिणी. तिनं नेहमीच्या सवयीनं आधी खिळ्याची जागा बघितली आणि मग तिची नजर तिथून हललीच नाही.

मनकर्णाआजी आल्या, उंबऱ्याच्या आत बसल्या, पाणी प्याल्या. कुणीतरी म्हणालं, आजी, भिंतीवर बघा की जरा. आजींनी आधी टोपीवाल्याकडं बघितलं. "ह्यो कोणता पुढारी?" त्यांनी विचारलं. तात्या शेजारीच उभे होते. सगळे हसले आणि मी तर तात्यांचा गिरणीतला कार्यक्रम मनात पाठही करून टाकला.

मग आजी उठल्या. भिंतीला हात लावत चित्राच्या जवळ गेल्या, इतक्या जवळ की नाक रंगाला लागायचं राहिलं. त्यांनी चेहऱ्याकडं बघितल्यासारखं दिसलं नाही. एक बोट वर करून कानावर ठेवलं.

"दोरा तसाच हाय अजून," त्या म्हणाल्या. "हिला म्हणलंवतं, नारायणगडच्या जत्रंत सोनार बसतोय, फिरकी बसवून घी. ऐकंल तर ती छबी कसली."

मोबाईलमधली रोहिणी तोंडावर हात धरून बसली होती. आजी बोटानं तो दोरा घट्ट करत राहिल्या, आणि रंग अजून ओला असेल म्हणून त्यांना थांबवावं, हे बद्रीनाथ पेंटरलासुद्धा सुचलं नाही.

तात्या माझ्याकडं वळले. "आता कसं हाय," ते म्हणाले. थांबले. हातात नसलेली विडी झटकली. "पाडव्यापतोर, पोरी."

मी काहीच बोलले नाही. बोलले असते, तर त्यांच्याच आवाजात बोलले असते.